टेकडीवरची सायकलवाट कशी टिकते

नागपूरला सपाट शहर म्हणायची सवय आहे, पण शहराच्या पश्चिम अंगाला जमीन हळूहळू उचलत जाते. सेमिनरी हिल्स, तिच्यापलीकडे गोरेवाडा, अंबाझरी तलावामागचं जैवविविधता उद्यान आणि काटोल रोडने बाहेर पडलं की फेटरी-माहुरझरीकडची माळरानं, झुडपी जंगल. जाड टायरची सायकल घेऊन पहाटे निघणाऱ्यांची चाकं इकडेच वळतात. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये नागपूरचं नाव डॉ. अमित समर्थ यांच्यामुळे दूरवर गेलं. २०१७ साली त्यांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. पण ते डांबरी रस्त्यावरचं सायकलिंग. डांबरी रस्ता उखडला तर तक्रार करायला एखादं खातं असतं. टेकडीवरच्या दीड-दोन फूट रुंदीच्या वाटेचं तसं नाही. जे तिच्यावरून जातात त्यांनी राखली तरच ती राहते.

ही राखण म्हणजे नेमकं काय करायचं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. सायकल चालवणारे पुष्कळ झाले, पण वाट का तुटते हे ठाऊक असणारे थोडे आहेत. आणि कारण कळलं नाही तर चांगल्या मनाने केलेलं श्रमदानसुद्धा वाट बिघडवतं.

वाट बिघडते ती बहुतेक वेळा वळणावर. उतारावरून खाली येणारी नागमोडी वाट आडवी जाते, वळते आणि पुन्हा उलट दिशेने आडवी जाते. वळणाच्या अलीकडे दोन झुडपांच्या फटीतून खालची वाट दिसते, अगदी सात-आठ मीटरवर. एखाद्याला वाटतं, एवढं फिरून कशाला जायचं? तो सरळ खाली घालतो. गवत आडवं पडतं, बस, एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला ती टायरची खूण दिसते आणि वाट तिकडूनच आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. काही आठवड्यांत गवताची मुळं उघडी पडतात, माती दबून कडक होते आणि उतारावर सरळ उभी पट्टी उमटते. उन्हाळाभर ती निरुपद्रवी दिसते. मृग लागला, पहिला मोठा पाऊस आला की पुढचं काम चाकांचं उरत नाही, ते पाण्याच्या हातात जातं.

पाणी सर्वांत तीव्र उताराने जातं. टेकडीचा उतार तीस टक्के असेल, म्हणजे शंभर मीटर आडवं गेल्यावर तीस मीटर खाली, तर चांगली आखलेली वाट त्यावरून आठ-दहा टक्क्यांच्या चढणीने तिरपी जाते. वळण कापणारी पट्टी मात्र पूर्ण तीस टक्क्यांची असते. गवत नाही, माती दाबलेली, पाणी मुरायला जागा नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्यातला जोर चौपट होतो. पहिल्या पावसात बोटभर ओघळ पडतो, मोसम संपेपर्यंत त्यात पाऊल बसतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती घळ झालेली असते. शिवाय ही घळ वरच्या वाटेवरचं पाणीही स्वतःकडे ओढून घेते आणि खालच्या वाटेवर गाळाचा ढीग आणून टाकते. वळण एक कापलं, पण वाटेचे दोन्ही फाटे खराब झाले.

नागपूरला वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तोही सारखा रिमझिम पडत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्या पुराची कारणं मोठी आहेत, सायकलवाटांशी त्यांचा संबंध जोडायचा नाही. पण आपल्याकडचा पाऊस कसा कोसळू शकतो हे त्या रात्रीने दाखवलं, आणि वाट आखताना असा पाऊस गृहीत धरावा लागतो. टेकडीवरून सुटलेली माती कुठे जाते, हाही प्रश्न आहेच. सेमिनरी हिल्सखाली फुटाळा तलाव आहे. गोरेवाड्याच्या रानाचं पाणी ज्या तलावात उतरतं, तो १९१२ साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. आपण ज्याला ट्रेल म्हणतो, ते त्या तलावाचं पाणलोट क्षेत्र आहे.

आता जमिनीकडे पाहू. नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पूर्वेला फार जुने, स्फटिकी खडक. पश्चिमेच्या टेकड्या दख्खनच्या लाव्हाच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या. ज्यांच्या नावाने शहरात हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळातून जीवाश्म गोळा केले आणि नागपूरच्या भूगर्भाची पहिली नीट ओळख जगाला करून दिली. सायकलवाल्याला या भूगर्भाचा सरळ उपयोग आहे. टेकडीच्या माथ्यावर कातळ आणि मुरूम असतो. पाणी त्यातून लवकर निचरतं, पण मुरमाचे खडे सुटे असल्याने जोरात ब्रेक मारला की ते उधळतात. पायथ्याशी आणि खोलगट भागात काळी माती साठलेली असते. ती पाणी पिऊन फुगते, टायरला लिंपून बसते, आणि त्या ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळली की विटेसारखी कडक होते. म्हणून एकाच वाटेवर वरचा भाग पावसानंतर दुसऱ्या दिवशी चालवण्याजोगा असतो आणि खालच्या भागाला आणखी कितीतरी दिवस हात लावायचा नसतो. पारख सोपी आहे. थांबून टाच दाबा. ठसा उमटून त्यात पाणी झिरपलं किंवा टायरला मातीचा थर चढू लागला, तर परत फिरा.

सायकलीच रान खराब करतात, असा एक समज आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात विल्सन आणि सेनी या संशोधकांनी पायी चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांचा वाटेवरचा परिणाम मोजून पाहिला. ओल्या वाटांवर घोड्यांनी आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केल्याचं त्यांना आढळलं. याचा अर्थ सायकलस्वाराला मोकळं रान मिळालं असा घेऊ नये. वाटेचा उतार, निचरा आणि ओल यावर सगळं अवलंबून असतं, इतकाच त्यातला बोध. चाक लॉक करून घसरत नेणारा स्वार कोरड्या मुरमावरही एका सकाळी पुष्कळ नुकसान करतो.

चांगली वाट कशी असते? तिची आखणी शिकायला परदेशात जायला नको, महाराष्ट्राच्या गावागावांत ती विद्या आहे. उतारावर समतल चर खोदणाऱ्या, अनगड दगडांचे बांध घालणाऱ्या कोणत्याही गावकऱ्याला पाण्याचं हे गणित माहीत असतं. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत अमरावती जिल्ह्यातला वरुड होता, म्हणजे नागपूरच्या शेजारचा. पाणलोटाच्या कामात जे साधं अवजार वापरतात, तेच सायकलवाटेला चालतं: ए-फ्रेम. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी पट्टी ठोकायची, टोकाला दोरीने दगड लटकवायचा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर ठेवायची आणि दुसरी खूण करायची. दोन्ही खुणांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे समतल. पायांमधलं अंतर दोन मीटर ठेवलं आणि खालच्या बाजूच्या पायाखाली दहा सेंटिमीटर उंचीचा ठोकळा दिला, की दोरी मधल्या खुणेवर येईल तिथे पाच टक्क्यांचा उतार मिळतो. वीस सेंटिमीटरच्या ठोकळ्याने दहा टक्के. मोबाइलमधल्या अ‍ॅपपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं, कारण हातात धरून चार जणांना एकदम शिकवता येतं.

नियम दोनच लक्षात ठेवावेत. वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, कारण त्यापुढे पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच पळू लागतं. आणि एकूण वाटेचा सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आत असावा. याशिवाय वाटेला खालच्या बाजूला किंचित कल द्यायचा, साठ सेंटिमीटर रुंदीला तीन सेंटिमीटर इतकाच. आणि उतरती वाट सलग उतरती ठेवायची नाही. दर दहा-पंधरा मीटरवर तिला थोडं खाली नेऊन पुन्हा हलकंसं वर घ्यायचं. त्या खोलगटात पाणी थांबतं आणि बाहेर पडतं, आणि सायकलस्वाराला तो उंचसखलपणा आवडतो. पाण्याची सोय आणि स्वाराची मजा एकाच गोष्टीत साधते अशी ही जागा आहे, आणि ट्रेल बांधण्यातलं सगळं कौशल्य मला इथेच दिसतं.

आपल्या टेकड्यांवरच्या वाटा मात्र कुणी आखलेल्या नसतात. गुरं, सरपण आणणाऱ्या बाया, फिरायला येणारे, मग सायकली, अशा त्या पडत गेल्या. म्हणून बहुतेक काम दुरुस्तीचंच असतं. वापराने वाटेचा मधला भाग खचतो आणि खालच्या कडेला मातीचा छोटा वरंबा तयार होतो. तो पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. फावड्याने तो वरंबा काढून टाकणं हे सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त फळ देणारं काम आहे. जिथे डबकं साचतं तिथे वाटेच्या खालच्या कडेकडून साधारण तीन मीटर लांबीचा अर्धवर्तुळाकार तुकडा खरवडायचा, बाहेरच्या काठाला सर्वांत खोल, आत येता येता उथळ. पाणी आपोआप कडेला जातं आणि सायकल चालवताना तिथे काही केलं आहे हे कळतही नाही. नवखी मंडळी डबक्यात दगडगोटे भरतात. ते करू नये. पाणी जाईपर्यंत दगड चिखलात बुडतात, आणि लोक डबकं टाळायला बाजूने जाऊ लागले की वाट दुप्पट रुंद होते. डबकं असेलच तर ते बाजूने न टाळता मधूनच जावं, आणि पुढच्या रविवारी फावडं घेऊन यावं.

अवजारं घरातली-शेतातलीच: गैती, फावडं, घमेलं, सब्बल, विळा. दहा माणसांत दोन गैत्या पुरतात. जास्त असल्या तर लोक गरज नसताना खोदतात.

आता कापलेल्या वळणाकडे परत येऊ. लोक ते का कापतात, हे आधी शोधायचं. वळण फार घट्ट असेल, आतल्या बाजूला सुटी गिट्टी असेल, चढणीवर सायकल थांबत असेल, तर शॉर्टकट बंद करून उपयोग नाही, तो शेजारी पुन्हा पडेल. वळणाची त्रिज्या वाढवायची, वळण्याची जागा सपाट करायची, बाहेरच्या कडेला माती थोडी उचलून सायकलला टेकायला आधार द्यायचा, आणि वळणाच्या आधी वाटेला हलका चढ द्यायचा म्हणजे वेग आपोआप कमी होतो. खरी वाट कापलेल्या वाटेपेक्षा चालवायला छान झाली पाहिजे. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

त्यानंतर कापलेली पट्टी. दाबलेली माती गैतीने बोटभर-दोन बोटं सैल करायची, नाहीतर त्यात बी रुजत नाही. ओघळ पडला असेल तर त्यात दगडांचे छोटे आडवे बांध घालायचे. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला पाहिजे. अंतर याहून जास्त ठेवलं तर मधली माती जातेच. दगड नुसते मांडायचे नाहीत. दोन्ही काठांत थोडं खोदून अडकवायचे आणि मध्यभाग कडांपेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पाणी मधून जाईल, बाजूने काठ खाऊन जाणार नाही.

मग नजर. माणूस जिथे खालची वाट पाहतो तिथेच वळण कापतो, म्हणून वरची आणि खालची अशी दोन्ही तोंडं झाकायची, नुसतं वरचं नाही. वाळलेल्या फांद्या आडव्या टाकल्या तर दोन दिवसांत कुणी तरी बाजूला करतो. त्या जमिनीत उभ्या खोचल्या की झुडूपच वाटतं. यासाठी रायमुनियाचा, म्हणजे घाणेरीचा वाळका पसारा उत्तम. तिचं बेसुमार माजलेलं रान कमी होतं आणि सामान जागेवर मिळतं. फक्त फळं लागलेल्या फांद्या वापरू नयेत, नाहीतर नवीन रान आपणच पेरतो. बाभळीचे काटे मुळीच नकोत. पावसात ते वाहून खऱ्या वाटेवर येतात आणि पंक्चर होतं ते नियम पाळणाऱ्याचं. जूनच्या आधी मारवेल, पवना, कुसळी अशा इथल्याच गवतांचं बी विस्कटायचं. बाहेरून आणलेली शोभेची झाडं लावण्याचा मोह टाळावा.

दगड उचलताना मात्र नागपूरकराने एक काळजी घ्यायला हवी, जी दुसरीकडे कदाचित लागत नसेल. काटोल रोडलगतच्या जुनापाणीला आणि माहुरझरीला महापाषाणयुगीन शिळावर्तुळं आहेत. जुनापाणीच्या वर्तुळांचं उत्खनन रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली केलं. माळावर गोलाकार पडलेले मोठे दगड सहज पाहणाऱ्याला मोकळे वाटतात, आणि बांधाला अगदी योग्य मापाचे असतात. त्यांना हात लावायचा नाही. ती दफनस्थळं आहेत, जुनापाणीचं ठिकाण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि एकदा हललेला दगड परत ठेवून ती जागा पूर्ववत होत नाही. त्या भागात दगड लागलेच तर ओढ्याच्या पात्रातले घ्यावेत, किंवा बांध न घालता नुसत्या फांद्यांवर काम भागवावं. वर्तुळांमधून सायकल नेणं तर सोडूनच द्यावं.

परवानगीचा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळता येत नाही. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीचं उद्यान वनविभागाकडे, गोरेवाडा वनविकास महामंडळाकडे. विदर्भातलं झुडपी जंगल वर्षानुवर्षं कायद्याच्या पेचात होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच मानाव्यात असा निकाल दिला. म्हणजे जिथे नुसतं माळरान दिसतं तिथेही गैती मारण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटायला हवं. नवी वाट काढणं हे स्वयंसेवकांचं काम नाही. असलेल्या वाटेचा निचरा सुधारणं आणि शॉर्टकट बंद करणं, एवढंच पत्रात लिहावं, सोबत फोटो आणि जागेचा नकाशा द्यावा. रानाची वेळही पाळावी. या भागात बिबट्याचा वावर आहे, आणि टिटवी, तित्तिर, मोर जमिनीवरच अंडी घालतात. वळण कापणारं चाक ज्या गवतातून जातं ते कुणाचं तरी घरटं असू शकतं.

राहिली माणसं. सायकलस्वारांनी वाटा बिघडवल्या आणि त्यापायी त्यांना बंदी झाली, हे जगात आधी घडून गेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात जुन्या सायकली घेऊन टेकड्या उतरणाऱ्यांतून माउंटन बाइकिंग जन्मलं, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्याच अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. त्यातून १९८८ साली आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना उभी राहिली. तिने स्वारांसाठी साधे नियम केले: मोकळ्या असलेल्याच वाटांवर चालवा, मागे खूण ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, चालणाऱ्याला वाट द्या, प्राण्यांना बिथरवू नका, तयारीनिशी निघा. आणि हातात फावडी घेतलेले स्वयंसेवक हीच त्या संघटनेची खरी ताकद ठरली.

नुसत्या ‘प्रवेश बंद’च्या पाटीवर माझा विश्वास नाही. पाटी लावायचीच तर कारण सांगणारी लावावी: ‘इथे गवत रुजवतो आहोत. वाट डावीकडून.’ आणि प्रत्यक्ष बोलणं सर्वांत उत्तम. नागपुरात ते अवघड नाही. “भाऊ, काहून वळण कापून राहिले? इकडून घ्या न, मस्त केलं आहे आता,” एवढ्यावर माणूस हसून वळतो. त्याच्यासोबतच्या मंडळींसमोर झापलं तर तो उद्या मुद्दाम कापतो. शाळकरी पोरं तर ऐकतातच, फक्त त्यांना पुढच्या रविवारी घमेलं उचलायला बोलवायचं. स्वतःच्या हाताने फांद्या खोचलेल्या जागेवरून कोणी सायकल घालत नाही, आणि दुसऱ्यालाही घालू देत नाही.

वळण कापण्याचं आणखी एक नवं कारण आहे. स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपवर वाटेच्या तुकड्यांची वेळ नोंदली जाते आणि पहिला नंबर लावायची चढाओढ लागते. वळण कापलं की दोन-तीन सेकंद वाचतात. यावर उपाय गटातच करावा लागतो. कापलेल्या वळणाची वेळ धरायची नाही, हे एकमेकांना स्पष्ट सांगायचं. धोक्याच्या तुकड्यावर तशी खूण करण्याची सोयही त्या अ‍ॅपमध्ये आहे. ती झाली की तिथली क्रमवारी दिसत नाही.

वर्षाचा क्रम पावसाने ठरतो. मे महिन्यात उकाड्याआधी, सकाळी सात-आठपर्यंत, वरंबे काढून आणि निचऱ्याच्या जागा साफ करून घ्यायच्या. जमीन तेव्हा दगडासारखी असते, खोदकाम नीट होत नाही, तेवढंच करावं. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत सायकल घरी ठेवून छत्री घेऊन वाटेवर चालत जावं. पाणी कुठे वाट सोडतं आणि कुठे सोडत नाही, ते त्या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं एरवी वर्षभरात कळत नाही. खडूच्या किंवा चुन्याच्या खुणा टिकत नाहीत, म्हणून दगडाखाली चिंधी ठेवावी किंवा फोटो काढावा. खरं बांधकाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जमिनीत ओल असताना. तेव्हा माती बसते आणि दाबली जाते. हिवाळ्यात वाट वापरायची, बघत राहायचं.

बंद केलेल्या पट्टीवर पहिल्या पावसाळ्यात बहुधा तरोटा उगवतो. तो उपटू नये. उघड्या मातीवर पावसाचा मार तोच आधी झेलतो. गवत धरायला साधारण दुसरा पावसाळा लागतो. तोवर खोचलेल्या फांद्या कुजून मोडतात, म्हणून दिवाळीनंतर एकदा जाऊन नव्या खोचाव्या लागतात. कोणत्या वळणाकडे कोण बघणार, हे आधीच वाटून घेतलं तर हे काम होतं.